अळणी चकल्यांचा पेपर

प्रिय अन्वी आणि ईशान,

गेल्या आठवड्यात फोनवर अन्वी रडवेली झाली होती. टोरांटोच्या शाळेत म्हणे आशियाई खाऊचा दिवस होता आणि मी कुरिअरने पाठवलेला चकल्यांचा डबा तिने हौसेने नेला. टेबलावर जपानी तांदळाचे गोळे होते, कोरियन शेवाळाचे कागद होते, कोळंबीचे पापड होते, समोसे होते. त्या सगळ्यांपुढे मुलांची रांग लागली. चकलीला कुणी हात लावला नाही. एकाने डब्यात नाक घालून तोंड वाकडं केलं. शेवटी अन्वीच्या टीचर आल्या, डब्यात बघून ‘लव्हली’ म्हणाल्या आणि झाकण लावून डबा परत दिला.

“आजी, तिने खाल्लीच नाही! न खाता लव्हली कसं म्हणते?” अन्वीने विचारलं.

मला भयंकर राग आला. दोन दिवस मी त्या टीचरवर धुमसत होते. इंग्रजीत त्यांना पत्र लिहायला बसले, पहिला परिच्छेद फार चांगला उतरला, आणि दुसऱ्या परिच्छेदाला माझा हात थांबला. न खाता ‘छान’ म्हणण्याचं काम मी स्वतः सात वर्षं केलं आहे. तेही परदेशातल्या अनोळखी पदार्थाला नव्हे, माझ्याच मजल्यावरून आलेल्या चकलीला. तेव्हा ते पत्र फाडलं आणि हे तुम्हाला लिहायला घेतलं. आता लिहिलं नाही तर तुमच्यापर्यंत पोचणार ते दुसऱ्यांनी सांगितलेलं, आणि दुसरे खोटं सांगतात. कसं, ते पुढे येईल.

ही हकिगत आमच्या मजल्यावरच्या बाईंची आहे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. परळला आमची जुनी चार मजली इमारत होती तेव्हा तिसऱ्या मजल्यावर लांब गॅलरीला लागून नऊ बिऱ्हाडं होती. बाई शेवटच्या खोलीत. लालबागच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, म्हणून सगळी इमारत त्यांना बाईच म्हणे. उंच, काटकुळ्या, कडक खळीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांचा आवाज होत नसे, त्यामुळे आपण कुणाबद्दल बोलत असलो की त्या नेमक्या मागे उभ्या असत. अंबाड्यात फूल नसे, लाल पेन असे.

त्या सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. तुमचा बाबा चार वर्षांचा असताना त्यांच्या दारात रडत उभा राहिला, तर त्या म्हणाल्या, “तुम्ही आधी नाक पुसा. मग तक्रार सांगा.” गॅलरीतल्या मांजरालासुद्धा त्या “आपण दुधापासून लांब बसा” असं सांगत. लोक हसत. मी एकदा विचारलं, “बाई, एवढ्याशा पोरांना कशाला अहो-जाहो?” त्या म्हणाल्या, “अरे-तुरे करायला आख्खी मुंबई आहे की.”

आमच्याकडे तेव्हा दिवाळीत फराळाची ताटं फिरत. प्रत्येक घरातून प्रत्येक घरी एक ताट, वर विणलेला रुमाल. ताट रिकामं परत करायचं नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, हा नियम. बाई साखर घालत आणि साखरेवर एक चिठ्ठी ठेवत. जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे राहिलेले तुकडे, त्यावर लाल शाईत गुण. दहापैकी.

“करंजी : बाहेरून उत्तम. आत उत्तर नाही. ४.”

“चिवडा : शेंगदाणे मोजून घातले आहेत. ५.”

“अनारसे : जाळी सुरेख, खसखस करपली. पुन्हा सोडवा.”

बायका खवळत. जिन्याजवळच्या खोलीतल्या वहिनी, ज्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, त्यांना एकदा बेसनाच्या लाडवाला साडेतीन मिळाले. “टाळ्याला चिकटतो. बेसन अजून कच्चे आहे, घाई केलीत.” वहिनी लाडू घेऊन गॅलरीभर फिरल्या. “खाऊन बघा हो, चिकटतो का? सांगा ना, चिकटतो का?” ज्यांनी ज्यांनी खाल्ला त्यांना तोंड उघडून उत्तर देता येईना. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. एवढं बारकाईने लिहायचं तर प्रत्येक घरचा प्रत्येक जिन्नस खावा लागतो. बाई आठ घरांचा फराळ, शेवेच्या तुकड्यापर्यंत, खात होत्या.

बाई बौद्ध होत्या. दिवाळीचा फराळ त्या करत नसत. त्यांच्या घरचा मोठा सण एप्रिलमध्ये, चौदा तारखेची जयंती, आणि त्यांचं तळण तेव्हा. तुम्हाला मुंबईतला एप्रिल आठवत असेल तर विचार करा : दारं-खिडक्या उघड्या, अंगाला चिकटलेली साडी, आणि बाई स्टोव्हपुढे कॅनव्हासचे बूट घालून उभ्या. फक्त चकली. “एकच विषय, पण पक्का,” असं त्या म्हणत. भाजणी घरी भाजलेली, धणे-जिरे जरा सढळ. चकली झाली हे त्या बघून ठरवत नसत, ऐकून ठरवत. कढईत चकली सोडली की रेडिओ बंद, मित्राचं पाढे म्हणणं बंद. मित्रा म्हणजे त्यांची लेक संघमित्रा. तेलाचा आवाज बारीक होत होत थांबायला आला की झाऱ्या आत. सोऱ्या त्यांचे यजमान दाबत. ते शिवडीच्या गोदामात होते, हाताला जोर भरपूर. “आपल्याकडे काय, मी नुसता दाबतो,” ते आम्हाला सांगत, “वेढे त्या मोजतात.” वेढे साडेतीन. चौथा पडला तर बाई म्हणत, “हा हावरटपणा.”

आणि चौदा तारखेला सकाळी त्यांच्या घरून आठ ताटं निघत. पांढरा रुमाल, खाली बारा-बारा चकल्या.

आता पुढचंही लिहिते. आमच्याकडे ते ताट आलं की माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, ते स्वयंपाकघरात येऊ देत नसत. मोरीच्या कट्ट्यावर ठेवायला सांगत. दुपारी भांडी घासायला शेवंता येई, तिच्या पिशवीत चकल्या जात. मग ते ताट मी घासत असे. दोनदा. पुसून, साखर घालून, मीच बाईंच्या दारात नेऊन देत असे आणि म्हणत असे, “छान झाल्या होत्या हं.” बाकीच्या घरांत काय चालतं हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. समतेवर निबंध लिहून कॉलेजात बक्षीस घेतलेली. सासूबाई सातवी शिकलेल्या, जुन्या वळणाच्या, असं म्हणून त्यांच्या माथी सगळं मारणं सोपं आहे, आणि पुष्कळ वर्षं मी तेच केलं. पण ताट त्यांनी धुतलं नाही. मी धुतलं.

बाईंना संशय कधी आला ते त्यांनी नंतर मला सांगितलं. “सगळ्या वर्गाचं उत्तर शब्दन् शब्द सारखं आलं,” त्या म्हणाल्या, “की मास्तरने समजायचं, कुणीच गणित सोडवलेलं नाही.” सहा वर्षं आठही घरांतून एकच उत्तर येत होतं : छान झाल्या होत्या. ज्या बायका दुसरीच्या अनारशाला नावं ठेवल्याशिवाय पाणी पीत नव्हत्या, त्यांना बाईंच्या चकलीत एकदाही कमी-जास्त काही सापडू नये?

सातव्या वर्षीच्या एप्रिलात त्यांनी पेपर काढला.

चकल्या नेहमीसारख्याच दिसत होत्या. साडेतीन वेढे, काटे उभे, रंग खमंग. आठ ताटं आठ घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायच्या वेळेला, जेव्हा सगळा मजला गॅलरीत असतो, बाई येऊन उभ्या राहिल्या.

“काल चकल्या कशा झाल्या होत्या?”

“मस्त!” एक म्हणाली.

“खुसखुशीत हो अगदी,” दुसरी.

जिन्याजवळच्या वहिनींनी मान डोलावली. “यंदा तिखट किंचित पुढे होतं, पण आमच्या ह्यांना तसंच आवडतं. चार खाल्ल्या ह्यांनी.”

बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आपण शिकलेल्या, आपण जरा नेमकं बोलावं. मी म्हणाले, “फारच छान, बाई. मीठ अगदी बेताचं.”

तेवढ्यात जिन्यावरून शेवंता आली. ती मजल्यावरच्या पाच घरी भांडी घासायची. तिने बाईंना बघितलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, “काय ओ बाई, औंदा मीठ विसरलासा व्हय? पाच घरच्या चकल्या आल्या माज्याकडं, पाचबी घरच्या अळणी! नवरा म्हनला, पानी लावून खातो आता.”

“विसरले नाही,” बाई म्हणाल्या. “घातलंच नव्हतं. तिखटही नव्हतं.” मग शेवंताला, “तुम्ही किती घरं म्हणालात?”

“पाच.”

बाईंनी अंबाड्यातलं लाल पेन काढलं. “पाचांचा पत्ता लागला. उरलेली तीन?”

एकीला उपास होता. एकीकडे पाहुणे येऊन सगळं संपवून गेले होते. वहिनींनी बादली उचलली आणि आत गेल्या. मग सासूबाई पुढे झाल्या. त्या कुणाला घाबरत नसत. म्हणाल्या, “आमच्यात एप्रिलात तळलेलं खात नाहीत. उष्ण पडतं.”

“तुमच्याकडे गेल्या मंगळवारी बटाटेवडे होते,” बाई म्हणाल्या. “मला वास येतो.”

त्या दिवशी संध्याकाळी आठही दारांच्या फटीतून चिठ्ठ्या आत आल्या. आमची अशी होती : “प्रश्न न वाचता उत्तर लिहिले. ०.” चिठ्ठी सासूबाईंनी वाचली, टरकावली आणि म्हणाल्या, “बघा, किती लागलं हिला! आपण घेत तरी होतो.”

घेत तरी होतो. हे वाक्य आठवलं की आजही माझ्या कानाची पाळी गरम होते. आम्ही घेत होतो, म्हणजे उपकार! पुढचे आठ दिवस गॅलरीत चर्चा चालली ती आम्ही केलं त्याची नव्हे, बाईंनी फसवलं त्याची. शेजाऱ्यांची परीक्षा घेतात का? शेजाऱ्यांवर विश्वास नको? अळणी पदार्थ देणं हा अपमान नाही का? शेवंता एवढी एकटी बरोबर बोलत होती. “तुमी खाल्ली असती तर कळलं असतं की ओ,” ती मला भांडी घासता घासता म्हणाली. “मी काय चुगली नाय केली. मी मीठच मागितलं.”

पुढच्या दिवाळीत सगळ्यांना वाटलं, बाई आता ताटं परत पाठवतील. शरमेने म्हणा, सगळ्यांनी ताटं जरा जास्तच भरली होती. बाईंनी सगळी घेतली. चार दिवसांनी साखर आणि चिठ्ठ्या आल्या. आमच्या शंकरपाळ्यांना सात मिळाले, “मागील वर्षापेक्षा सुधारणा”. वहिनींना लाडवाला आठ. मला हे सहन झालं नाही. मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, “बाई, तुम्ही कशाला खाल्लंत आमच्याकडचं?”

“मी न चाखता गुण देत नाही,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मात्र एप्रिलमध्ये त्यांच्या घरून ताटं निघणं बंद झालं. तळणाचा वास गॅलरीभर येई, पांढरा रुमाल कुठेच दिसत नसे. मजल्याने सुटकेचा श्वास टाकला. मीसुद्धा पहिल्या वर्षी टाकला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या वर्षी तो वास मला सोसेना.

चौदा तारखेला सकाळी मी सासूबाईंच्या देखत साडी बदलली आणि बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. आत मित्रा निळी साडी नेसून बाहेर निघण्याच्या तयारीत, यजमान पेपर वाचत. टेबलावर परात भरून चकल्या.

“काय हवं आहे?” बाईंनी विचारलं.

“चकली.”

“ताट आणलंय?”

“नाही. इथे बसून खाणार आहे.”

बाईंनी मला बसायला खुर्ची दिली नाही. बशीत एकच चकली ठेवली, बशी माझ्या हातात दिली आणि समोर उभ्या राहिल्या. यजमानांनी पेपर खाली घेतला. मी मोडली, खाल्ली, सगळी. चव चांगली होती. पण ‘छान’ हा शब्द मला त्या घरात पुन्हा उच्चारायचा नव्हता, आणि नशिबाने एक दोष सापडला.

“मधला वेढा मऊ राहिलाय,” मी म्हणाले. “आणि ओवा जरा जास्त.”

बाईंनी परातीतून एक चकली घेतली, कानाजवळ धरून मोडली, मधला तुकडा चावला.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या घाण्याला तेल थंड पडलं होतं. ओव्याचं मात्र तुमचं चूक.” मग यजमानांना, “त्यांना खुर्ची द्या.”

घरी आले तेव्हा सासूबाई मोरीच्या दाराशी उभ्या होत्या. “खाऊन आलीस? त्यांच्यात बसून?”

“दोन खाल्ल्या. एक उभ्याने, एक खुर्चीत बसून,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षी ताट आलं तर ते ओट्यावर राहील. मोरीवर नाही.”

त्या माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी ताट आलं, फक्त आमच्याकडे, आणि ओट्यावर राहिलं. तुमच्या आजोबांनी, बाबाने आणि मी खाल्लं. सासूबाईंनी अखेरपर्यंत त्यातली एकही चकली खाल्ली नाही. त्यांच्याबद्दल मला माया होती, आजही आहे, आणि ही गोष्ट मी त्यांना माफ केलेली नाही. दोन्ही खरं आहे. आजीने गोड तेवढंच सांगावं अशी अपेक्षा असेल तर तुम्ही चुकीच्या आजीला फोन करता.

मग इमारत पाडली, तिच्या जागी ही पंचवीस मजली उभी राहिली. जुन्या बिऱ्हाडांना सतराव्या-अठराव्या मजल्यावर घरं मिळाली. गॅलरी गेली. फराळाची ताटंही गेली. आता दिवाळीत सोसायटीच्या ग्रुपवर दिव्याचं चित्र येतं आणि वॉचमनकडे पुठ्ठ्याचा खोका : आत बदाम, चॉकलेट, एक मेणबत्ती. खोक्याला गुण देता येत नाहीत. बाईंनी पहिल्या वर्षी प्रयत्न केला होता. “मेणबत्ती : चाखली नाही.”

त्या गेल्या तेव्हा खालच्या हॉलमध्ये सोसायटीने शोकसभा घेतली. सेक्रेटरी बोलले, एक-दोन जुने विद्यार्थी फार सुंदर बोलले. मग जिन्याजवळच्या वहिनी उठल्या. आता त्याही काठी घेऊन चालतात. डोळे पुसत म्हणाल्या, “आम्ही सगळे एका ताटातले हो. भेदभाव हा शब्द आमच्या मजल्याला माहीत नव्हता. बाईंच्या हातची चकली... अजून जिभेवर चव आहे.”

लोकांनी माना डोलावल्या. नव्या मजल्यांवरची तरुण मंडळी गहिवरली. एका मुलीने मोबाइलवर चित्रण केलं. मला दिसत होतं की आता हेच राहणार. मी आणि मित्रा गेलो की खरं कोण सांगणार?

मी उभी राहिले. “वहिनी, कसली चव आहे जिभेवर?” मी विचारलं. “तुम्ही त्यांची चकली कधीच खाल्ली नाहीत. सात वर्षं मीही खाल्ली नव्हती. आपण आठही घरांनी त्यांचं ताट घेतलं आणि मोलकरणीला दिलं, नाहीतर फेकलं. एवढं तरी आज त्यांच्या फोटोसमोर खरं बोला.”

“आजी, ही वेळ आहे का?” सेक्रेटरी कुजबुजले.

“मग कोणती?” मी म्हटलं. “त्या जिवंत होत्या ती वेळ तर आपण घालवली.”

वहिनी मटकन बसल्या. मला वाटलं, मित्रा रागावेल; तिच्या आईची सभा मी बिघडवली होती. तिने माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं आणि म्हणाली, “काकू, बसा. पाणी घ्या. बरोबर आहे तुमचं.” मग माइकवरून तिने वहिनींना शांतपणे सांगितलं, “वहिनी, एप्रिलमध्ये घरी या. यायचं असेल तर.”

वहिनी अजून गेलेल्या नाहीत. माझ्याशी त्या बोलत नाहीत, आणि लिफ्टमध्ये भेटल्या की छताकडे बघतात.

मित्रा आमच्याच मजल्यावर राहते, समोरच्या दारात. चौदा एप्रिलला तिच्याकडून एक ताट निघतं आणि आमच्याकडे येतं. दिवाळीत आमचं तिच्याकडे जातं. या इमारतीत आता फिरणारी ताटं एवढी दोनच, आणि दोन्ही खाल्ली जातात.

तुमची,
आजी